खेचरावरचा गाववाला

टीव्हीवर नायक आला की चाचा उठून चहा टाकायला जात.

नायक उंच, गुळगुळीत दाढीचा, पांढऱ्या घोड्यावरचा. चार गुंडांना धुळीत लोळवून उठला तरी त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडलेली नसे. चाचा पेशानं शिंपी, त्यांना हे सहनच होत नसे. "जेच्या कापडाला चुणी पडत नाय, तो माणूस कसला?" असं पुटपुटत ते आत जात आणि आतूनच विचारत, "गेला काय तो?" आम्ही सगळ्या बायका एका सुरात ओरडायचो, "गेला!" मग चाचा कपांचा ट्रे घेऊन येत, टीव्हीशेजारच्या उशीवर मांडी ठोकत, गळ्यातली मोजपट्टी सारखी करत. कारण आता खेचरावर बसून, भोकाच्या टोपीतून केस बाहेर काढून, बोळक्या तोंडानं हसत नायकाचा जोडीदार येणार असे. बंदूक उलटी धरणारा, खेचराशी भांडणारा, पाण्याच्या हौदात डोक्यावर आपटणारा. परमुलखात आपल्या बाजूचा कुणी भेटला की त्याला आपण गाववाला म्हणतो. चाचांनी त्या अमेरिकन म्हाताऱ्याला एका नजरेत ओळखलं होतं. तो गाववाला होता.

ही सौदीतल्या दम्माममधली गोष्ट. मी तेव्हा पंचविशीची होते, आणि पंचविशीच्या बाईला आपल्याला जेवढी अक्कल आहे असं वाटतं तेवढी सगळी माझ्याकडे होती. लग्न होऊन आले ती थेट त्या चार मजली इमारतीत. तळमजल्यावर रस्त्याच्या अंगाला चाचांचं दुकान. अरबांचे पायघोळ थोब शिवायचं. दुकानामागे त्यांचं घर. चाचा बाणकोट खाडीकाठचे. घराणं जहाजांवरच्या खलाशांचं, पण यांना पाण्यावर मळमळायचं, म्हणून सुई हातात आली असं ते सांगत. त्या देशात तेव्हा सिनेमाघर नव्हतं. देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या गिऱ्हाइकानं आपलं व्हिडिओ मशीन आणि आत अडकलेली एक कॅसेट चाचांना देऊन टाकली होती. तो हा सिनेमा. सुरुवातीच्या भागावर चाचींच्या हातून चुकून टीव्हीवरचं हवामान रेकॉर्ड झालं होतं, त्यामुळे सिनेमाचं नाव काय ते आम्हाला कधीच कळलं नाही. वाऱ्याचे बाण, तापमानाचे आकडे, आणि त्यातून एकदम दौडत येणारे दोन घोडे.

दोनच. सगळ्या सिनेमात दोन घोडे आणि एक खेचर. पाठलाग असला की तेच घोडे एकदा डावीकडून जात, एकदा उजवीकडून. आणि एक खडक होता. तो सात वेळा येई. "हा खडकपण पगारी हाय," चाचा म्हणत. लुटारूंचा म्होरक्या आणि पोस्टातला बापडा कारकून हे दोघे एकच नट आहेत, हे मला बी.ए. इंग्रजी असून चौथ्या खेपेला कळलं. चाचांनी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. "मिशी बदललीन, पण डावा खांदा उतरता हाय तो काय करशील?"

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली, की इमारतीतली मराठी माणसं चाचांच्या बैठकीत जमायची. रत्नागिरी-रायगडची कुटुंबं, एक नाशिकचं जोडपं आणि आम्ही. खोलीच्या मधोमध, टीव्हीपासून दारापर्यंत, चाचांनी स्वतः शिवलेला लांब पडदा असे. इकडे बायका-मुलं, तिकडे पुरुष. टीव्ही दोघांना अर्धा-अर्धा. चाचा पडद्याच्या टोकाशी, टीव्हीला टेकून, अशा कोनात की दोन्हीकडे त्यांचा आवाज जावा पण नजर कुणीकडेच जाऊ नये.

कारण सिनेमा इंग्रजी होता आणि तो चाचा मराठीत सांगत. तेही बाणकोटी मराठीत, जिच्यात 'मला'चं 'मना' होतं. आणि चाचांना इंग्रजी येत नव्हतं.

अजिबात नाही. 'यस' आणि 'नो', तेही मापं घेण्यापुरतं. पण टीव्हीचा आवाज बारीक करून ते जे सुरू करत, ते थेट शेवटपर्यंत. त्यांच्या सिनेमात नायक हा कफील होता, म्हणजे ज्याच्या सहीवाचून आपलं पान हलत नाही तो इथला मालक. गाववाल्याचा पासपोर्ट कफिलाच्या खोगिरातल्या पिशवीत. म्हणून बिचारा खेचर हाकत त्याच्या मागे-मागे. त्या खडकाआड, चाचा सांगत, समुद्र आहे. खाडीचं तोंड आहे. गाववाल्याला तिथवर पोचायचंय, पण कफील दर वेळी वळण घेतो. "यल्ला, चला म्हणतो नि उलटा जातो, बगा!"

बाहेर खिडकीपाशी पिवळी धूळ उभी असे. एसी एका सुरात घुमत असे, पोटात बिर्याणी असे, टीव्हीतलं वाळवंट राखाडी आणि खिडकीतलं पिवळं, मधे कुठंतरी डोळा लागे. त्या शुक्रवारांतलं किती सिनेमात होतं आणि किती मी डुलकीत पाहिलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मला तो समुद्र आठवतो. खडकाच्या डाव्या अंगाला, अगदी पातळ रेघ, तिच्यावर एक शीड. मुलं तर शपथेवर सांगायची की होडी आहे. मधेच अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली की चाचा बटण दाबत आणि सगळे पुरुष उठत. नेमका गाववाला हौदात पडता-पडता अधांतरी थिजलेला. पाय वर, टोपी हवेत, अंगावरून पांढऱ्या रेघा सरकताहेत. थोड्या वेळानं मशीन थकून आपणहून बंद पडे. पण तोवर आम्ही बायका त्या लटकलेल्या माणसाकडे बघत निमूट बसून असायचो. चाची एकदा म्हणाल्या, "आपल्यालापण असाच केलान कुणीतरी." नि परत सुपारी कातरायला लागल्या.

आता माझं कर्तृत्व ऐका.

माझे वडील, अण्णा, कराडला शाळेत इंग्रजीचे मास्तर. त्यांनी मला इंग्रजी असं घोटून शिकवलं होतं की चुकीचं इंग्रजी कानावर पडलं की मला खाज सुटायची. आणि इथं तर सगळा सिनेमाच चुकीचा! दुसऱ्याच शुक्रवारी मी तोंड उघडलं. "चाचा, तो समुद्राचं काहीच बोलत नाहीये. तो म्हणतोय, घेवडा करपला."

"घेवडा?" चाचांनी मान न वळवता विचारलं. "वाळवंटात घेवडा कुठनं आला वैनी?"

"डब्यातला असतो. तिकडे खातात."

"डब्यातला घेवडा करपला म्हणून माणूस असा तोंड करील? तोंड बगा तेचा."

पडद्यापलीकडे पुरुष हसले. त्यात आमचे हे पण होते, हे मला आवाजावरून कळलं आणि घरी गेल्यावर मी बोलले नाही. पण माघार घेतली नाही. दर शुक्रवारी दोन-चार दुरुस्त्या मी करायचीच. चाचा दर वेळी शांतपणे ऐकत, "असंल, असंल," म्हणत आणि पुन्हा आपला समुद्र पुढं चालू करत. नाशिकची वहिनी मला एकदा जिन्यात म्हणाली, "अगं, तुझा सिनेमा खरा असेल, पण बघवत नाही." मी तिच्याशीही दोन दिवस बोलले नाही. एकूण त्या काळात मी फारशी कुणाशी बोलतच नव्हते.

हे सगळं मी अण्णांना पत्रातून कळवायची. हसण्यासाठी. अण्णांचं उत्तर यायचं, स्वच्छ उभ्या अक्षरात: "तुझं भाषांतर अचूक आहे. पण पुढच्या पत्रात कृपया त्या शिंपीदादांचा सिनेमा सविस्तर लिहावा. गाववाला समुद्रापर्यंत पोचला का?" माझं पत्र रंगवून वाचून दाखवायची त्यांना सवय. पुढे कळलं की शाळेच्या शिक्षकांच्या खोलीतसुद्धा वाचायचे. तिथंही माझ्या बाजूनं कुणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली आणि तरीही मला दिसली नाही.

इमारतीत फोन एकच, चाचांच्या दुकानात. गावाकडून कुणाचाही फोन आला की तो आधी चाचांच्या कानात पडे. कुणाला मुलगा झाला, कुणाचा भाऊ दहावी पास झाला, कुणाच्या बहिणीचं ठरलं, ते सगळं शुक्रवारी गाववाल्याच्या तोंडून कळायचं. तो खेचराला सांगायचा, "आयकलंस? बहिणीचा ठरला आपल्या!" आणि पडद्यापलीकडे ज्याची बहीण असेल तो लाजायचा. पण वाईट बातमीही तशीच यायची. परमुलखातल्या माणसाला कुणी गेल्याचं सरळ सांगत नाहीत. आधी ताप आहे म्हणतात, मग दवाखान्यात नेलंय म्हणतात, मग त्याला एकटं न ठेवता चार माणसांत बसवतात. चाचांनी चार माणसं म्हणून हा सिनेमा घेतला होता. एका शुक्रवारी गाववाल्याच्या हातात कागद आला. खऱ्या सिनेमात ती चोराला पकडण्याची जाहिरात होती. चाचा म्हणाले, "कागद आलाय. आजी गेली तेची. जिनं वाढवलान ती." पलीकडून एक तरुण माणूस हुंदका देऊन उठला, दोघे त्याच्यामागे गेले, इकडे बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मी त्या दिवशी अण्णांना लिहिलं, "इथली माणसं इतकी भोळी आहेत की चोराच्या जाहिरातीवर रडतात."

चाचांचे बाकीचे चाळे सांगायचे तर पान पुरणार नाही. मोजपट्टी गळ्यातून काढत नसत, झोपतानाही. चाची सांगायच्या, "स्वप्नात उठून माझा हात मोजतात." रस्त्यानं जाणाऱ्याच्या पाठीवरून माप सांगायचे आणि चुकायचे नाहीत. इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, हरवला म्हणून रडत आलेल्या माणसाला पहिल्यांदा विचारायचे, "खिसा दाखव," आणि खिशाचं उसवलेलं टोक शिवून मगच त्याच्याबरोबर कचेरीत जायचे. म्हणायचे, "आधी भोक बंद करावा. मंग काय हरवलान तो शोधावा." इथल्या माशाला चव नाही असं रोज म्हणत रोज मासे खायचे. माझ्याशी त्यांचं भांडण असं कधी झालंच नाही, कारण ते भांडतच नव्हते. मीच एकटी भांडत होते.

आता मी रियाधमध्ये लेकाकडे असते. नात मला मेट्रोनं सिनेमाला नेते. आता इथं सिनेमाघरं आहेत, खुर्ची मागं झोपते आणि मी तिच्याबरोबर. तिला एकदा हा सिनेमा सांगितला तर म्हणाली, "आजी, टायटल सांग ना, टू मिनिट्समध्ये शोधून देते." टायटल कुठलं? हवामान सांगितलं. ती फोनवर शोधत बसली, खेचर, टोपी, हौद, खडक. असे दीडशे सिनेमे निघाले. सगळ्यांत खडक तोच होता की काय कोण जाणे. एकातही समुद्र नव्हता.

चाचा म्हातारपणी गावी परतले, खाडीकाठी. त्यांच्या जाण्याची बातमी मला फोनवर एका ओळीत आली, पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. मला ते अजिबात आवडलं नाही. अशी सांगतात का कुणाची बातमी? खेचर नाही, खडक नाही, शेजारी कुणी बसलेलं नाही.

पण तो एक शुक्रवार सांगायचा राहिलाय. तोच टाळत इतकं लांबण लावलं मी.

त्या वर्षी अण्णांना धाप लागायला लागली. आईचं पत्र आलं, येऊन जा. माझा पासपोर्ट यांच्या कंपनीत. जाऊन परत येण्याचा कागद निघाल्याशिवाय मला हलता येत नव्हतं आणि कागदावर सही करणारा माणूस रोज म्हणायचा, बुक्रा. म्हणजे उद्या. असे वीस-बावीस उद्या गेले. हे कामावर दूर हफ्र अल बातिन गावी, मी एकटी घरात. रोज सकाळी दुकानाच्या दारात जाऊन विचारायची, "फोन?" चाचा मान हलवायचे. मी बॅग भरून ठेवली होती. अण्णांसाठी खजूर, आणि सिनेमाचा शेवट चाचांच्या शब्दांत लिहून काढलेली एक वही. मला वाटत होतं, पोचले की बस. वाचून दाखवेन, ते हसतील, धाप बसेल.

गुरुवारी हे अचानक घरी आले. म्हणाले, काम लवकर संपलं. जेवले नाहीत. मी ओवा दिला. आमच्या ह्यांना एवढाली यंत्रं खोलून दाखवता येतात, पण बायकोला एक वाक्य सांगता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं ओवा खाल्ला.

शुक्रवारी चाचांकडे गेले तर खोली भरलेली. एरवी न येणाऱ्या बायकाही आलेल्या. मुलं वर कुणाच्या तरी घरी ठेवलेली. चाचींनी मला सगळ्यांत पुढं, स्वतःच्या गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. ताटं उचलायला उठले तर हाताला धरून खाली बसवलं. मला वाटलं, चला, शेवटी या लोकांना माझी किंमत कळली.

चाचांनी सिनेमा मधूनच लावला. गाववाला शेकोटीपाशी बसलाय, शेजारी खेचर.

"गाववाला आज जेवत नाय," चाचा म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक. "खेचराला सांगतोय, गड्या, घरून सांगावा आलाय. माझा बा आजारी होता ना..."

"चाचा!" मी म्हणाले. "किती वेळा सांगायचं, घेवडा करपलाय."

कुणी हसलं नाही. चाचींनी माझ्या मांडीवर हात ठेवला. मला वाटलं, गप्प करताहेत, मी तो बाजूला सारला. चाचांनी टेप मागं घेतली. गाववाला पुन्हा शेकोटीपाशी बसला.

"बा तेचा मास्तर होता," चाचा म्हणाले. "गावच्या सगळ्या पोरांना शिकवलान. आपल्या पोरीची वाट बघत होता. पण पोरीचा कागद..."

मी खळखळून हसले. खरंच हसले. "अहो चाचा, या अडाण्याचा बाप मास्तर कसा असेल? नि पोरगी कुठून आणलीत मधेच?"

पडद्यापलीकडून कुणीतरी नाक ओढलं. आमच्या ह्यांना सर्दी बारमाही. ते नाक ओढणं मी हजार माणसांत ओळखलं असतं. पण ही सर्दी नव्हती. मी पडद्याकडे पाहिलं, मग चाचींकडे. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. एकही बाई माझ्याकडे बघत नव्हती. सगळ्या टीव्हीकडे बघत होत्या, जणू तिकडे बघणं हे कुणीतरी त्यांना नेमून दिलेलं काम होतं.

चाचांनी तिसऱ्यांदा टेप मागं घेतली. या वेळी आवाज पूर्ण बंद केला. आणि दम्माममधल्या त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवून पाहिलं.

"वैनी," ते म्हणाले, "विंग्रजी तुमालाच येतं. मना नाय येत. आता तुमीच सांगा, गाववाला काय म्हणतोय?"

एसी घुमत होता. गाववाला शेकोटीकडे बघत होता. त्याचं बोळकं तोंड हळूहळू हललं, एकदा, दोनदा, थांबलं. ज्या वाक्याचा शब्दन् शब्द मला पाठ होता, ते वाक्य त्या ओठांवर बसेना. किती तरी वेळ मी त्या तोंडाकडे बघत होते. करपलेल्या जेवणासाठी माणूस असं तोंड करत नाही.

"तो म्हणतोय," मी म्हणाले, "अण्णा गेले."

चाचींनी मला जवळ घेतलं. पडदा हलला आणि हे इकडे, बायकांच्या बाजूला आले, आणि कुणी त्यांना अडवलं नाही. चाचांनी मान हलवली. "बरोबर," ते म्हणाले. "बरोबर सांगितलान वैनींनी."

माझी एवढी एकच दुरुस्ती त्यांनी कधी मान्य केली.